'थ्रीजी' आणि 'एच': टॉवर तोच, कारभारी वेगळा

"मालक, रिचार्ज थ्रीजीचं मारलं आणि वर सिग्नलपाशी 'एच' दिसतंय. फसवलं का काय?" सोलापूरच्या नवी पेठेत मोबाईलच्या दुकानात बसायचो तेव्हा हे रोजचं होतं. शेजारी उभ्या पोराच्या फोनवर 'थ्रीजी' असलं की संशय आणखी वाढायचा. खरं तर फायद्यात 'एच'वालाच होता.

दोन्ही एकाच घरातले. टॉवर तोच, रेडिओलहरींचा ५ मेगाहर्ट्झचा पट्टाही तोच. फरक आहे तो कारभार कोण बघतं यात. मूळ थ्रीजीत टॉवरपाशी बसवलेलं नोड-बी नावाचं यंत्र म्हणजे नुसता हमाल. कुणाला किती डेटा द्यायचा, हे लांब बसलेला आरएनसी नावाचा कंट्रोलर ठरवायचा, आणि एकेका आरएनसीच्या गळ्यात असे कितीतरी टॉवर. चादरीच्या दुकानात नोकराला दहा रुपये कमी करायचे तरी मालकाच्या घरी फोन लावावा लागतो, तसली गत. त्यात डेटा वापरणाऱ्या प्रत्येकासाठी सहसा वेगळी वाहिनी अडवून ठेवायची, मग तो आलेलं पान निवांत वाचत बसला तरी. ३८४ केबीपीएसच्या पुढे गाडी सहसा जात नसे.

'एच'मध्ये, म्हणजे एचएसडीपीए या थ्रीजीच्याच सुधारलेल्या, डाउनलोड वेगवान करणाऱ्या रूपात, गल्ल्याच्या चाव्या नोकराच्या हातात आल्या. वाहिनी सगळ्यांची सामाईक. कुणाचा सिग्नल आत्ता चांगला आहे हे नोड-बी स्वतः बघतो आणि दर २ मिलिसेकंदांनी वाटप बदलतो. वाटेत खराब झालेला तुकडाही तोच पुन्हा पाठवतो, आरएनसीला न विचारता. कागदावरचा वेग १४.४ एमबीपीएस. कॉल मात्र बहुतेक जुन्याच वाहिनीवर चालत राहिले.

कागदावरचा, बरं का! गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर 'एच' दिसायचं आणि पाळण्याचा एक फोटो जाता जात नसे. थ्रीजी काय नि 'एच' काय, सगळे फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर, फक्त कोडने वेगळे केलेले. एकाचा सिग्नल तो दुसऱ्याला गोंगाट. गर्दी वाढली की टॉवरची पोच चक्क आकसते.

आणि ते शेजारचं पोरगं? बऱ्याच फोनांवर नेट पडून असलं की 'थ्रीजी' दिसायचं, डाउनलोड सुरू झालं की 'एच'. मी त्याला एक गाणं उतरवायला लावायचो. त्याच्याही फोनवर 'एच' उमटलं की गिऱ्हाईक पैसे काढायचं.