फिगर स्केटिंगचं गुणपत्रक आणि त्यातली जुनी भांडणं

सप्टेंबर लागला की युरोपात फिगर स्केटिंगच्या मध्यम आकाराच्या आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धा सुरू होतात. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला नेबेलहॉर्न ट्रॉफी, ब्रातिस्लाव्हाला ओंद्रेय नेपेला स्मृती स्पर्धा, थंडी पडल्यावर झाग्रेबची गोल्डन स्पिन. पुण्यात तेव्हा गणपती-नवरात्राची धामधूम असते आणि आपल्या वर्तमानपत्रांत या निकालांना दोन ओळीही मिळत नाहीत. तरी इथे हे निकाल कुणी वाचतच नाही असं नाही. सोसायटीच्या आवारात नाही तर रिंकवर चाकांचे स्केट्स घालून शिकणारी पोरं पुण्यात कमी नाहीत. त्यांतली जी वेगाच्या शर्यती सोडून आर्टिस्टिक प्रकाराकडे वळतात, त्यांना ॲक्सल, साल्कोव्ह, लुट्झ ही नावं पाठ असतात. उड्या त्याच, फक्त बर्फाच्या जागी फरशी. अडचण येते ती निकालाचा कागद समोर आल्यावर. नावापुढे दोन दशांश स्थळांपर्यंतची बेरीज, आणि त्यामागे प्रत्येक उडीचा, प्रत्येक गिरकीचा वेगळा हिशेब. एवढी बारीक चिरफाड कशासाठी, असं कुणालाही वाटेल. तर या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेला आहे.

सुरुवात साधी होती. १८९२ मध्ये हॉलंडात शेव्हेनिंगेनला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली. जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स जिंकला. स्पर्धा पुरुषांचीच असते हे इतकं गृहीत होतं, की बायकांना मनाई करणारा नियमच कुणी लिहिला नव्हता. १९०२ मध्ये लंडनला मॅज सायर्स या इंग्रज बाईंनी सरळ नाव नोंदवलं आणि उलरिक साल्कोव्हच्या खालोखाल दुसरा क्रमांक पटकावला. मग मात्र नियम लगेच झाला. लांब घागऱ्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, हे त्यासाठी दिलेलं एक कारण. बायकांची वेगळी स्पर्धा १९०६ मध्ये दावोसला सुरू झाली आणि ती सायर्सबाईंनीच जिंकली.

त्या काळचा खेळ आज पाहिला तर ओळखूही येणार नाही. मुख्य भाग होता ‘फिगर्स’चा, म्हणजे बर्फावर पात्याने इंग्रजी आठासारख्या आकृत्या काढायच्या आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं. रेघ किती तंतोतंत जुळली हे बघायला परीक्षक खाली वाकून बर्फ निरखत. खेळाच्या नावातलं ‘फिगर’ ते हेच. बरीच वर्षं एकूण गुणांतले साठ टक्के या आकृत्यांना असत. प्रेक्षक नसलेल्या सकाळी हे सगळं उरकलं जाई, तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. टीव्ही आला आणि पंचाईत झाली. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा संगीतावरच्या मुक्त स्केटिंगमध्ये सातवी आली, तरी सुवर्णपदक तिलाच मिळालं, कारण आकृत्यांत तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. मुक्त स्केटिंग जिंकणाऱ्या जॅनेट लिनला कांस्य. शूबावर अन्याय करायला नको. नियमाप्रमाणे ती चोख जिंकली होती. पण घरी बसून टीव्ही बघणाऱ्याला हे कोण समजावणार? पुढच्याच वर्षापासून शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे ठरावीक उड्या-गिरक्यांचा छोटा कार्यक्रम, आला, आकृत्यांचं वजन उतरत गेलं आणि १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धेतून हद्दपार झाल्या.

गुण तेव्हा सहापैकी असत, पण निकाल गुणांच्या बेरजेवर ठरत नसे. प्रत्येक परीक्षकाने कुणाला कितवा क्रमांक दिला यावर ठरे. त्यातून विचित्र प्रकार घडत. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत निकोल बोबेक दुसरी आणि सुरिया बोनाली तिसरी होती. दोघींचं खेळून झालं होतं. मग मिशेल क्वान उतरली आणि एकूण चौथी आली, आणि तिला मिळालेल्या क्रमांकांमुळे आधीच्या दोघींची अदलाबदल झाली. बोनालीला रौप्य, बोबेकला कांस्य.

कलेला गुण कसे द्यायचे हा प्रश्न पुणेकरांना नवा नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर दरवर्षी जी चर्चा रंगते ती हीच असते, आणि २०२२ मध्ये तर करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही म्हणून परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता. नाटकाच्या परीक्षकाला एवढी मोकळीक आहे. ऑलिंपिकच्या परीक्षकाला ती नाही, आणि का नाही ते २००२ मध्ये कळलं.

सॉल्ट लेक सिटीला जोडी स्केटिंगमध्ये रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे जोडीला पाच परीक्षकांनी पहिलं ठेवलं, कॅनडाच्या साले-पेल्टिएला चौघांनी. रशियन जोडीची एका ठिकाणी चूक झाली होती, कॅनडाची जोडी स्वच्छ खेळली होती. प्रेक्षकांनी गोंधळ घातला. मग फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी आपल्यावर स्वतःच्याच महासंघाकडून दबाव होता असं सांगितलं, आणि नंतर ते विधान फिरवलंही. जोडीत रशियाला मत द्यायचं आणि आइस डान्समध्ये फ्रान्सने परतफेड घ्यायची, असा व्यवहार झाल्याचा आरोप होता. काही दिवसांतच कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं. ल गून्य आणि फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष दिदिए गेयागे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

सहा गुणांची पद्धत तिथेच संपली. नवी पद्धत प्रथम वापरली गेली ती कुठल्या मोठ्या मंचावर नाही, तर २००३ च्या नेबेलहॉर्न ट्रॉफीत. आज निकालाच्या कागदावर दिसतं ते तिचंच रूप. कुठली उडी झाली हे ठरवायला वेगळं तांत्रिक पथक, ती कशी झाली हे सांगायला परीक्षक. उदाहरणार्थ तिहेरी लुट्झची मूळ किंमत ५.९०. परीक्षक उणे पाच ते अधिक पाच देतात, प्रत्येक पायरीला मूळ किमतीच्या दहा टक्के, आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा गाळून सरासरी काढतात. एखाद्याने गैरव्यवहार करायचं ठरवलंच, तर त्याचा आकडा गळून पडावा हा हेतू. उडीतली हवेतली गिरकी पाव फेऱ्यापेक्षा जास्त अपुरी राहिली की किंमत ८० टक्क्यांवर, ४.७२. अर्धा फेरा किंवा जास्त राहिला तर तिची दुहेरी धरतात, २.१०. लुट्झ पात्याच्या बाहेरच्या धारेवरून उडायची असते. उडताना पाय नकळत आतल्या धारेवर कलला की कागदावर एक छोटं चिन्ह येतं आणि गुण घसरतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून पथक संथ चित्रफीत बघतं.

भांडणं अर्थातच थांबली नाहीत. दबाव टाळायला कुठले गुण कुठल्या परीक्षकाचे हे गुप्त ठेवलं, तर कुणी किती दिले हेच कळेना. २०१४ ला रशियातल्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियाच्याच सोत्निकोव्हाने कोरियाच्या युना किमला ५ गुणांहून जास्त फरकाने मागे टाकल्यावर त्या गुप्ततेवर फार टीका झाली. २०१६ मध्ये ती रद्द झाली. दमलेल्या पायांनी उडी मारणाऱ्याला दहा टक्के जादा, म्हणून उत्तरार्धातल्या उड्यांना बक्षीस ठेवलं होतं; २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अलिना झागितोव्हाने मुक्त स्केटिंगमधल्या सगळ्याच उड्या उत्तरार्धात घेऊन सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर ही सवलत शेवटच्या तीन उड्यांपुरती आवळली. माझ्या मते झागितोव्हाने काही गैर केलं नव्हतं. नियम नीट वाचला होता, एवढंच.

‘सीनियर’ हा शब्दही असाच घासून पुसून घेतलेला. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०२२ ला रशियाची पंधरा वर्षांची कामिला व्हालिएव्हा उत्तेजक चाचणीत अडकल्यावर सीनियर गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १७ वर नेली गेली.

आता त्या मध्यम आकाराच्या स्पर्धा. २०१४-१५ पासून त्यांतल्या बऱ्याच ‘चॅलेंजर’ मालिकेत बांधल्या गेल्या. बड्या स्पर्धांच्या मानाने तिथे गर्दी कमी, पण इतिहास तिथेही घडतो. साडेचार फेऱ्यांची चौपट ॲक्सल कुणाला जमेल यावर वर्षानुवर्षं पैजा लागल्या होत्या; ती सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला अशाच एका स्पर्धेत सतरा वर्षांच्या इलिया मालिनिनने उतरवली. मूळ किंमत १२.५०.

आपल्याकडच्या खेळाडूंना या स्पर्धांचं मोल वेगळंच. सिमल्याला नैसर्गिक बर्फाचं मैदान १९२० पासून आहे, डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक उभारली गेली. पुण्यात साठ मीटर लांबीची बर्फाची रिंक अजून नाही. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद भारताकडून फोर कॉन्टिनेंट्स या युरोपाबाहेरच्या देशांच्या स्पर्धेत उतरत आली आहे. पण तिथे नुसतं देशाने नाव पाठवून भागत नाही. आधी एखाद्या मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शॉर्ट प्रोग्राम आणि मुक्त स्केटिंग या दोन्हींमध्ये ठरलेले किमान तांत्रिक गुण मिळवावे लागतात, आणि तेही मुदतीच्या आत. म्हणून अशा निकालात भारतीय नाव पंधरावं असो की विसावं, जाणकार आधी क्रमांक बघत नाहीत. ते तांत्रिक गुणांच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि त्या वर्षीची किमान मर्यादा ओलांडली का ते पाहतात.