मेण कोंडलेला धागा: तापमान सांभाळणाऱ्या नॅनोतंतूंची पार्श्वभूमी

अंग तापलं की उष्णता शोषून घ्यायची आणि गार पडलं की ती परत द्यायची, अशा कापडामागचं तत्त्व शाळेत शिकलेलंच आहे. वितळत्या बर्फाला उष्णता देत राहिलं तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान शून्यावरून हलत नाही. ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास हे मोजून दाखवलं. पाठ्यपुस्तकातली अप्रकट उष्मा ती हीच. बर्फाच्या जागी ऑक्टाडेकेन हे मेण घेतलं तर ते साधारण २८ अंशांना वितळतं आणि ग्रॅममागे सुमारे २४० ज्यूल पोटात घालतं. पण वितळलेलं मेण धरून ठेवायचं कुठे? या विषयाचा बहुतेक इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी झालेली झटापट आहे.

पहिला मोठा प्रयोग कापडाचा नव्हता, घराचा होता. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी मारिया टेल्केश यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारं घर उभं केलं. आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा. दिवसाची उष्णता साठवायला ग्लॉबर सॉल्टने भरलेले डबे होते. हे मीठ ३२ अंशांच्या आसपास वितळतं. सुरुवातीचे हिवाळे बरे गेले, मग मिठाचे थर वेगळे होऊन जड भाग तळाशी बसू लागला आणि यंत्रणा निकामी झाली. पदार्थ निवडणं सोपं, तो वर्षानुवर्षं नीट बांधून ठेवणं अवघड, हे तिथेच कळून चुकलं.

कपड्यांकडे गाडी वळली १९८० च्या दशकात. अमेरिकी कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत पोकळ तंतूंमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखंच वितळणारं-गोठणारं रसायन भरून पाहिलं गेलं. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणजे धुलाईत जायची भीती. ते रेझिनने कापडाशी जखडण्याचीही खटपट झाली. दुसरीकडे नासाच्या पैशावर अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी मेणाच्या अतिसूक्ष्म कुप्या, म्हणजे मायक्रोकॅप्सूल, तयार झाल्या. त्या तंतूत मिसळण्याचं पेटंट १९८८ चं. ‘आउटलास्ट’ नावाने बाजारात आलेलं कापड याच घराण्यातलं. मात्र नेहमीच्या तंतूत कुप्या फार कोंबल्या तर तंतू कमकुवत होतो, म्हणून मेणाचं प्रमाण थोडंच ठेवावं लागतं.

नॅनोतंतू, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतू, काढायचं तंत्र म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग: विजेच्या ओढीने द्रवाची धार ताणून तंतू कातायचा. त्याची कहाणी याहून कितीतरी जुनी. घासलेला अंबर जवळ नेला की पाण्याचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, हे विल्यम गिल्बर्टने १६०० मध्येच नोंदवलं होतं. १९०२ मध्ये कूली आणि मॉर्टन यांची पेटंटं आली, १९३४ पासून फॉर्महाल्स यांची. खरा वापर मात्र सोव्हिएत रशियात झाला. १९३८ मध्ये मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेत रोझेनब्लूम आणि पेत्र्यानोव्ह यांनी असे तंतू काढले आणि त्यांपासून गॅस मास्कचे फिल्टर बनू लागले. १९६४ मध्ये जेफ्री टेलर यांनी त्या शंकूचं गणित मांडलं. त्याचा अर्धकोन ४९.३ अंश. १९९० च्या दशकात अॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी हे तंत्र पुन्हा चर्चेत आणलं.

प्रयोग बघायला मजा येते. पॉलिमरचं द्रावण भरलेल्या सिरिंजच्या सुईला दहा-वीस किलोव्होल्टचा दाब, समोर अॅल्युमिनियमची फॉइल. सुईच्या टोकावरून निघालेली धार थोडं अंतर सरळ जाते आणि मग पिसाटल्यासारखी गरगरते. डोळ्यांना वाटतं, तिच्या कितीतरी शाखा फुटल्या. वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की धार एकच आहे, ती फटके मारत ताणली जातेय. तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि फॉइलवर तंतूंची पांढरी साय जमते.

एकात एक अशा दोन सुया लावल्या तर आत एक द्रव आणि बाहेर दुसऱ्याचं कवच, अशी धार निघते. स्पेनमधल्या लोसेर्तालेस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे करून दाखवलं. २००६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मॅकॅन, मार्केझ आणि शिया यांनी आतल्या नळीतून वितळलेलं ऑक्टाडेकेन सोडलं आणि बाहेर टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) व पॉलिमरचं कवच घातलं. दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या इथे. पुढे मेणाऐवजी तसंच वितळणारं मेदाम्ल घेऊन ते आणि पॉलिमर एकाच द्रावणात मिसळून एकाच सुईने कातण्याचे प्रयोगही पुष्कळ झाले. ते स्वस्त पडतं, पण पृष्ठभागाशी असलेला पदार्थ पाझरू शकतो.

जाहिराती वाचताना एक हिशेब मनाशी करून बघावा. दीडशे ग्रॅमच्या शर्टात तीस ग्रॅम ऑक्टाडेकेन धरलं तर ते सगळं मिळून ७२०० ज्यूल शोषेल. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता टाकतो, म्हणजे त्याची बहात्तर सेकंदांची बेगमी झाली. एसी ऑफिसातून उन्हात, उन्हातून परत आत, अशा ये-जा करणाऱ्याला या उशीचा उपयोग आहे. नागपूरच्या मे महिन्यात मात्र हे मेण शर्ट अंगात घालण्याआधी कपाटातच वितळलेलं असेल, आणि गोठायला त्याला गारवा मिळणार नाही.