अम्लरेखन, घरगुती (काच व धातू)

काच किंवा धातूच्या पृष्ठभागाचा ठरावीक भाग रसायनाला खाऊ देऊन त्यावर नक्षी, अक्षरे किंवा चित्र उमटवण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात हिला एचिंगच म्हणतात. कोरीवकामात हत्यार पदार्थ खरवडते. इथे हाताचे खरे काम झाकण्याचे. झाकलेला भाग शाबूत राहतो, उघडा भाग रसायन खाते. म्हणून चित्रकला न येणाऱ्यालाही कटर नीट चालवता येत असेल तर हे काम साधते, आणि झाकण ढिले राहिले तर कसलेल्या चित्रकाराचीही नक्षी फसते.

धातूवरचे अम्लरेखन आधीचे. युरोपातले कारागीर चिलखतांवर व शस्त्रांवर अशी सजावट करत. इ. स. १५०० च्या सुमारास जर्मनीतील आउग्सबुर्गच्या डॅनिएल होप्फरने हेच तंत्र लोखंडी पत्र्यावर वापरून कागदावर चित्रे छापली. आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडावर मोजकीच अम्लरेखने केली. पुढे लोखंड मागे पडून तांबे आले, कारण त्यावर रेघ अधिक नाजूक उमटते. काचेवर बहुतेक अम्लांचा परिणाम होत नाही. तिच्यातील सिलिका विरघळवते ते हायड्रोफ्लुओरिक अम्ल. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये त्याचा अभ्यास केला. रसायन न वापरता दाबाने वाळू मारून काच धुरकट करण्याचे पेटंट बेंजामिन टिल्घमनने १८७० मध्ये घेतले.

शुद्ध हायड्रोफ्लुओरिक अम्लाला घरात थारा नाही. ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, आणि सौम्य द्रावणाने भाजले तर कित्येकदा काही तास वेदनाही होत नाहीत. घरगुती कामासाठी तयार एचिंग क्रीम मिळते. त्यात बहुधा अमोनियम किंवा सोडियम बायफ्लोराइड असते. क्रीम म्हटले की ते निरुपद्रवी वाटते, पण धोक्याची जात तीच. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या यांत सूट नाही. त्वचेला लागलेच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा व फ्लोराइड लागल्याचे सांगावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात.

काच आधी स्पिरिटने पुसतात, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग उमटतो. मग चिकट व्हायनिलमधून नक्षी कापून ती काचेवर बसवतात आणि प्रत्येक कड नखाने दाबत जातात. वेळ द्यायचा तो इथेच, कारण कड जिथे उचललेली असते तिथून क्रीम आत शिरते आणि रेघ फाटते. ब, ठ, क अशा अक्षरांच्या पोटातला तुकडा कापताना सुटून येतो. तो जपून परत जागच्या जागी चिकटवावा लागतो. क्रीम जाडसर थापायचे, पातळ लावले की पट्टे दिसतात. किती वेळ ठेवायचे ते डब्यावर लिहिलेले असते, सहसा काही मिनिटेच. पाण्याने धुतल्यावर नक्षी एकदम नाहीशी होते आणि नवखा माणूस हबकून पुन्हा क्रीम लावायला धावतो. वास्तविक नक्षीच्या सूक्ष्म खळग्यांत पाणी भरल्याने प्रकाश विखुरत नाही, एवढेच झालेले असते; काच वाळली की ती पांढरी होऊन वर येते. पेल्यावर नक्षी बाहेरच्या बाजूने व काठापासून खाली करतात. प्लॅस्टिक किंवा ॲक्रिलिकवर हे क्रीम चालत नाही.

तांबे व पितळ यांच्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड बनवणाऱ्यांच्या ओळखीचे तेच तपकिरी द्रावण. पत्रा घासून लख्ख केल्यावर त्यावर नेलपॉलिश, मेण किंवा पक्क्या शाईच्या मार्करने झाकण करतात. लेझर प्रिंटरवर छापलेली नक्षी गरम इस्त्रीने पत्र्यावर उतरवता येते. मात्र ती आरशातल्यासारखी उलटी छापावी लागते. पत्र्याची मागची बाजू व कडाही झाकायच्या, आणि तो नक्षी खाली करून द्रावणात तरंगत्या अवस्थेत टांगायचा, म्हणजे सुटलेला गाळ रेघेत न साचता तळाशी जातो. द्रावण कोमट असले की काम लवकर होते. पण द्रावण खोलीकडे खाते तसे झाकणाखाली आडवेही खाते, म्हणून फार बारीक रेघेत खोली मिळवण्याचा हट्ट धरू नये. ॲल्युमिनियम मात्र या द्रावणात मुळीच बुडवू नये: क्रिया भडकते, उष्णता व हायड्रोजन सुटतो. ॲल्युमिनियम व जस्त यांच्यासाठी मोरचूद आणि मिठाचे सौम्य द्रावण वापरतात. तेही तापते व थोडा हायड्रोजन सोडतेच, त्यामुळे कमी ताकदीपासून सुरुवात केलेली बरी.

चाकूच्या पात्यावर किंवा हत्यारावर नाव घालायला विजेची पद्धत सोपी पडते. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक धातूला जोडायचे, ऋण टोकाला मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा आणि तो उघड्या अक्षरांवर थोडा थोडा वेळ टेकवत जायचा. धन टोकाशी धातू विरघळत जातो. यात थोडा क्लोरीन वायू सुटतो आणि स्टेनलेस स्टीलमधून क्रोमियमची विषारी संयुगे द्रवात उतरू शकतात. त्यामुळे हवा खेळती हवी आणि काळवंडलेला बोळा उघड्या हाताने धरू नये.

वापरलेल्या द्रावणाचा विचार बहुतेक जण काम संपल्यावर करतात, तो आधी करावा. फेरिक क्लोराइडचे कपड्यावरचे डाग निघत नाहीत आणि ते स्टीलचे सिंकही खाते. त्यात उतरलेले तांबे जलचरांना घातक असते, म्हणून ते मोरीत ओतायचे नसते. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत फेस थांबेपर्यंत ते शमवतात, गाळ बसू देतात आणि गाळासह सगळे घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात देतात. साठवण झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यातच, नाव लिहून आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी.