लिथियम उतरलं, मग ई-बाईक का उतरली नाही?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या बाजारात बॅटरीसाठी लागणारं लिथियम कार्बोनेट टनाला जवळपास ६ लाख युआनवर पोचलं होतं. २०२५ च्या जूनमध्ये तोच माल ६० हजार युआनच्या आसपास मिळत होता. कांदा इतका उतरला असता तर लासलगावात रस्ता अडला असता. पण दादर किंवा ठाण्याच्या शोरूममध्ये विजेवरची दुचाकी घ्यायला गेलेल्या माणसाला या घसरणीचा फारसा पत्ताच लागला नाही. असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं. (लोक ई-बाईक म्हणत असले तरी मुंबईच्या रस्त्यावर या गाड्या बहुतेक स्कूटरच आहेत, म्हणून इथे दोन्ही एकच धरतो.)

२००६-०७ च्या सुमारास विजेवरच्या स्कूटर आपल्याकडे पहिल्यांदा बऱ्यापैकी संख्येनं दिसू लागल्या, तेव्हा त्यांच्यात शिशाच्या बॅटऱ्या असत. इन्व्हर्टरमध्ये असतात त्याच जातीच्या. बऱ्याच गाड्या ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, ना लायसन्स ना नोंदणी, आणि पेडर रोडचा चढ आला की दमणाऱ्या. पण कच्च्या मालाची भानगड नव्हती. शिसं देशात बनतं, भंगारातून परत मिळतं, आणि अंधेरीत मुख्यालय असलेल्या एमसीएक्स या वायदेबाजारात त्याचा भाव कोणालाही बघता येतो. बॅटरी बसली की जुनी दुकानात द्यायची, वजनावर पैसे वजा करून नवी घ्यायची. हा धंदा मोडला तो महाग शिशामुळे नाही. २०१० मध्ये सुरू झालेलं केंद्राचं अनुदान मार्च २०१२ ला संपलं, विक्री आपटली आणि कितीतरी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. विजेवरच्या दुचाकीचं नशीब धातूच्या भावापेक्षा सरकारी परिपत्रकावर जास्त अवलंबून असतं, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते पुन्हा पुन्हा दिसलं.

विजेच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेचा पहिला टप्पा एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला आणि दुसरा, १० हजार कोटींचा, एप्रिल २०१९ मध्ये. दुसऱ्या टप्प्यात शिशाच्या बॅटरीला अनुदान नव्हतं. ते योग्यच होतं, कारण लिथियमशिवाय शंभर किलोमीटर चालणारी आणि उड्डाणपुलावर न धापणारी स्कूटर होत नाही. मात्र त्याबरोबर भावाची दोरीही देशाबाहेर गेली. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीतून निघतं, त्यावरची बहुतेक प्रक्रिया चीनमध्ये होते. कोबाल्ट मुख्यतः काँगोचं. सेल चीन आणि कोरियातून कंटेनरनं न्हावाशेवा किंवा चेन्नईला उतरतात आणि इथे त्यांची जुळणी होऊन पॅक बनतो. मुंबईच्या धातुबाजारातल्या, गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या व्यापाऱ्याला तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा भाव तोंडपाठ असतो. लिथियमचा भाव मात्र युआनमध्ये ठरतो, पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात आणि गाडी रुपयात विकली जाते. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, वर्ष संपताना ८३ च्या जवळ. म्हणजे मालाचा भाव तोच राहिला असता तरी दहाएक टक्के चाट बसलीच असती.

भाव तोच राहिला नाही, ही पुढची गोष्ट. २०१८-१९ मध्ये लिथियम पडलं होतं, म्हणून खाणवाल्यांनी नवी गुंतवणूक आखडती घेतली. मग करोना आला. त्यातून जग उठलं तेव्हा चीन आणि युरोपात विजेवरच्या मोटारींची मागणी एकदम उसळली, आणि खाण काही दुकानाच्या शटरसारखी पाहिजे तेव्हा उघडत नाही. २०२१ च्या सुरुवातीला ६० हजार युआनच्या आसपास असलेलं लिथियम दोन वर्षांच्या आत दहापट झालं. तांबं मे २०२१ मध्ये टनाला १० हजार डॉलरच्या वर गेलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर ८ मार्च २०२२ ला लंडनच्या धातुबाजारात निकेल काही तासांत १ लाख डॉलरच्या पुढे गेलं आणि बाजारानं व्यवहारच थांबवले. पोलाद इतकं तापलं की मे २०२२ मध्ये केंद्रानं त्याच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला. ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था २०१० पासून बॅटरीच्या किमतींची नोंद ठेवते. दरवर्षी उतरणारा हा आकडा २०२२ मध्ये पहिल्यांदा वर गेला: किलोवॅट-तासाला, म्हणजे विजेच्या बिलातल्या एका युनिटमागे, १५१ डॉलर.

याचा एका स्कूटरवर किती भार पडला, ते ढोबळ हिशोबानं बघता येतं. मध्यम स्कूटरची बॅटरी ३ युनिटांची धरा. एका युनिटमागे साधारण ६०० ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागतं, म्हणजे गाडीमागे पावणेदोन-दोन किलो. ६ लाख युआनच्या भावानं त्याचे साधारण १२-१३ हजार रुपये होतात, ६० हजारांच्या भावानं जेमतेम दीड हजार. वर निकेल, कोबाल्ट, तांब्याची फॉइल, चासीचं पोलाद, मोटरचं आवरण. बजाजची विजेवरची चेतक जानेवारी २०२० मध्ये १ लाखापासून बाजारात आली होती. २०२२ च्या मध्याला तिची किंमत दीड लाखाच्या वर होती.

त्याच सुमारास स्कूटरच्या बॅटऱ्यांना लागलेल्या आगींमुळे सुरक्षेचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ च्या सुधारित अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आल्या, आणि चाचण्या, सेन्सर, चांगली आवरणं यांचा खर्च किमतीत चढला. तो व्हायलाच हवा होता. इमारतीच्या जिन्याखाली गाडी चार्ज होत असेल तर त्यात काटकसर नको.

एवढं असूनही विक्री पडली नाही, वाढली. कारण एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे लिटर झालं होतं. बोरिवलीहून अंधेरीला रोज दुचाकीनं जाणारा माणूस लिथियम बघत नव्हता, पंपावरचा काटा बघत होता. आणि महागाईचा मोठा हिस्सा सरकार उचलत होतं. जून २०२१ मध्ये केंद्रानं दुचाकीचं अनुदान किलोवॅट-तासाला १० हजारांवरून १५ हजार केलं, मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्के. वरच्या ३ युनिटांच्या गाडीला ४५ हजार रुपये. २०२१ च्या धोरणानुसार राज्याचं अनुदान वेगळं, आणि जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलेला होता.

पण अनुदानाला एक अट होती: कारखान्यातून निघतानाची किंमत दीड लाखाच्या आत हवी. कच्चा माल चढत होता, दीड लाखाची रेघ हलत नव्हती. मग काही कंपन्यांनी चार्जर वेगळा विकायला काढला, सॉफ्टवेअरचं बिल वेगळं केलं. गाडी कागदावर रेघेच्या आत राहिली, गिऱ्हाइकाचा खिसा नाही. सरकारनं हरकत घेतल्यावर २०२३ मध्ये कंपन्यांना चार्जरचे पैसे परत करावे लागले. चार्जरविना स्कूटर विकणं म्हणजे भाड्याच्या खोलीच्या दाराचे पैसे वेगळे लावणं, असं कोणी म्हटलं असतं तर चूक नव्हती.

खरी मेख पुढे आहे. लिथियम २०२३ मध्ये कोसळायला लागलं, आणि १ जून २०२३ पासून केंद्रानं अनुदान पुन्हा १० हजारांवर आणून मर्यादा १५ टक्के केली. मे महिन्यात देशभरात एक लाखाच्या वर दुचाकी नोंदल्या गेल्या होत्या. जूनमध्ये निम्म्याहून कमी. मार्च २०२४ अखेर फेमचा दुसरा टप्पा संपला. एप्रिलपासूनच्या तात्पुरत्या योजनेत किलोवॅट-तासाला ५ हजार, जास्तीत जास्त १० हजार. ऑक्टोबर २०२४ ला पीएम ई-ड्राइव्ह ही केंद्राची पुढची अनुदान योजना आली, आणि तिच्या दुसऱ्या वर्षात दर अडीच हजारांवर, मर्यादा ५ हजारांवर. त्याच ३ युनिटांच्या गाडीचा हिशोब मांडला तर अनुदान ४५ हजारांवरून ५ हजारांवर आलं, आणि लिथियममध्ये वाचले दहा-अकरा हजार. गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडलं नाही याचं आश्चर्य वाटायला नको. उलट किंमत आणखी भडकली नाही, याचं श्रेय कारखान्यांना द्यावं लागेल.

त्यांनी केलं काय? बॅटरी लहान केली. २०२४ मध्ये लाखाच्या आतली जी मॉडेलं आली त्यांतली बरीचशी २ ते ३ युनिटांची होती. टचस्क्रीनच्या जागी साधा डिस्प्ले आला. काहींनी निकेल-कोबाल्टची बॅटरी सोडून लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी, धरली. ती स्वस्त असते आणि जास्त वर्षं टिकते, पण तेवढ्याच विजेला वजन जास्त लागतं. शोरूममध्ये ही गोष्ट किरकोळ वाटते. परळच्या चाळीत राहणाऱ्याला नाही. खाली प्लग नसतो, सोसायटीत असला तरी मीटर कोणाचा यावरून सभा गाजतात, म्हणून काढता येणारी बॅटरी घ्यायची आणि रोज रात्री दहा-अकरा किलोचा तो डबा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा. रसायन बदललं की ते ओझं वाढतं, किंवा ओझं तेवढंच ठेवलं तर पल्ला कमी होतो.

दुसरी वाट बॅटरी भाड्यानं देण्याची. हिरोच्या विडा व्हीएक्स२ गोची १ जुलै २०२५ ला जाहीर झालेली किंमत बॅटरीसह ९९,४९० रुपये होती; बॅटरी भाड्यानं घेतली तर ५९,४९० आणि किलोमीटरमागे ९६ पैसे. या दोन आकड्यांतलं ४० हजारांचं अंतर बघितलं की गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा केवढा, ते वेगळं सांगायला नको.

बॅटरीचा प्रश्न जरा निवळतोय तोवर लोहचुंबकाचा आला. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मिळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. मोटरच्या खर्चात चुंबकाचा वाटा लहान असतो, पण तो नसेल तर मोटरच नाही. इथे भाव चढण्याचा प्रश्न नव्हता, माल मिळण्याचा होता. ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोचे प्रमुख राजीव बजाज यांनी जुलैत उघड सांगितलं. यातली मजा म्हणा किंवा खंत, दुर्मिळ मृदा काढणारी आपली सरकारी कंपनी आयआरईएल १९५० पासून आहे आणि तिचं मुख्य कार्यालय प्रभादेवीत, सिद्धिविनायकाच्या जवळ आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरची वाळू ती उपसते. पण वाळूपासून तयार चुंबकापर्यंतचे कारखाने आपण मोठ्या प्रमाणावर उभारलेच नाहीत. त्यासाठी ७,२८० कोटींची योजना केंद्रानं मंजूर केली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये.

आज मुंबईत गाडी घेणाऱ्यासमोर कोटेशनचा कागद येतो त्यात ही सगळी वर्षं ओळींनी मांडलेली असतात: एक्स-शोरूम, वजा अनुदान, विमा, चार्जर, सॉफ्टवेअरचं पॅक, वाढीव वॉरंटी. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते, डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. चढत्या भावाच्या काळात या ओळीनं अनेकांना बुकिंगनंतर काही हजारांचा झटका दिला आहे, आणि ती वाचतो कोण?

स्पर्धाही बदलली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, लोकप्रिय स्कूटर सात-आठ हजारांनी उतरल्या. विजेच्या गाडीवर आधीच ५ टक्के असल्यानं तिला कमी करायला जागा नव्हती. दुसरीकडे राज्यानं बाईक टॅक्सीला परवानगी दिली ती फक्त विजेवरच्या गाड्यांना, आणि भाडं ठरवलं पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. त्या भाड्यात हप्ता, बॅटरी आणि पोट बसवायचं तर गाडीच्या किमतीतले पाच हजारही मोठे असतात.

आणि लिथियम पुन्हा हललं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएटीएल या चिनी कंपनीनं जिआंग्शीमधली खाण थांबवली आणि भाव तळातून वर यायला लागला. डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकींसाठी ३१ मार्च २०२६ ची मुदत घातली गेली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मूळ किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त १० हजारांची सवलत आहे, २०३० पर्यंत. त्याच धोरणातली अटल सेतूवरची टोलमाफीही बरीच गाजली, पण त्या पुलावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही.