पेटंटसाठी मोफत वकील : अमेरिकेतील योजनेची पार्श्वभूमी

अमेरिकेत १८३६च्या कायद्यापासून प्रत्येक पेटंट अर्ज तज्ज्ञ तपासनिसाकडे जाऊ लागला. त्या तपासणीत टिकेल असा अर्ज लिहिणे हे वेगळेच कसब झाले आणि त्याची किंमत आज हजारो डॉलरमध्ये आहे. हातावर पोट असलेला शोधक अडतो तो सरकारी फीपेक्षा इथेच.

गरिबांना मोफत सल्ला देणारी नेहमीची केंद्रे यात उपयोगी पडत नव्हती. पेटंट कार्यालयापुढे दुसऱ्याचा अर्ज चालवायचा तर त्या कार्यालयाची नोंदणी परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षेला बसायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पात्रता लागते. भाडेकरूंची प्रकरणे लढवणाऱ्या वकिलाकडे ती सहसा नसते. या पोकळीत ‘तुमचा शोध आम्ही विकून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या शिरल्या. इतकी फसवणूक झाली, की आपल्या किती ग्राहकांना प्रत्यक्ष नफा झाला हे करारापूर्वी लेखी सांगण्याची सक्ती १९९९मध्ये त्यांच्यावर करावी लागली.

जून २०११मध्ये मिनेसोटात लीगलकॉर्प्स या संस्थेने शोधकांना मोफत पेटंट वकील मिळवून देणारा पहिला प्रायोगिक उपक्रम सुरू केला. १६ सप्टेंबर २०११ला सही झालेल्या ‘अमेरिका इन्व्हेंट्स ॲक्ट’च्या कलम ३२ने पेटंट कार्यालयाला वकिलांच्या संघटनांबरोबर असे उपक्रम उभे करायला सांगितले. २०१५पर्यंत ते पन्नासही राज्यांत पोचले.

कार्यालय स्वतः वकील देत नाही. प्रादेशिक संस्था अर्जदाराची छाननी करते आणि त्या विषयातला स्वयंसेवक वकील शोधते. तो मिळेलच याची हमी नसते. उत्पन्नाची मर्यादा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या पटीत असते आणि ती ठिकाणानुसार वेगळी असू शकते. नुसती कल्पना चालत नाही, शोध कसा चालतो हे सांगता आले पाहिजे. शिवाय प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण अर्जाआधी तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज आधी केलेला असावा किंवा पेटंट पद्धतीचा छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केलेला असावा.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते या प्रोव्हिजनल अर्जात. समजा, घडीची कुबडी आहे आणि अर्जात ‘खटक्याने बंद होते’ एवढेच लिहिले. स्प्रिंग कुठे बसते, दाते किती, ते कशात अडकतात याची आकृतीच नाही. बारा महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज करताना वकिलाने हा तपशील घातला, तरी त्याला पहिली तारीख मिळत नाही. १६ मार्च २०१३पासून, आधी शोध कोणी लावला यापेक्षा आधी अर्ज कोणी केला याला महत्त्व आले. मधल्या काळात दुसऱ्याने तसाच खटका दाखल केला, तर तो आडवा येतो. म्हणून प्रोव्हिजनल अर्ज घाईत उरकण्यापेक्षा अभ्यासक्रमाच्या आधाराने योजनेत शिरून वकील मिळेपर्यंत थांबणे आणि तोवर शोध प्रदर्शनात न मांडणे बरे. शोध स्वतः जाहीर केल्यावर अर्ज करायला अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, पण भारतात अशी सरसकट सवलत नाही. दोन्हीकडे पेटंट हवे असलेल्या मराठी शोधकांनी हे ध्यानात धरावे.

मोफत असते ते वकिलाचे काम. सरकारी फी अर्जदाराचीच. ‘मायक्रो एंटिटी’ची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या छोट्या अर्जदाराची सवलत बहुतेक फींवर आधी ७५ टक्के होती, डिसेंबर २०२२च्या कायद्याने ती ८० टक्के झाली, मात्र प्रमाणपत्राचा फॉर्म भरून ती मागावी लागते. मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी पुन्हा फी येते. दंडासह मिळणाऱ्या जादा सहा महिन्यांतही ती भरली नाही, तर पेटंट संपते.