ताठरलेले पाय आणि रक्तवाहिनीची भिंत

पाय हळूहळू ताठ होतात, जिना चढताना उचलत नाहीत, लघवीवरचा ताबा सुटतो. काही वर्षांत काठी हातात येते. जमैकात एरिक क्रुइकशँक यांनी १९५६ मध्ये मज्जासंस्थेच्या अशा विकारांच्या शंभर रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि कारण अनिश्चित असल्याचे शीर्षकातच मान्य केले. संशय कुपोषणावर होता, आणि तो वावगा नव्हता. आपल्याकडे विदर्भात लाखोळी डाळीच्या अतिसेवनाने पाय असेच ताठरलेली माणसे होतीच की.

या आजाराच्या कारणाचा खरा दुवा १९८५ मध्ये कॅरिबियनमधल्याच मार्टिनिक बेटावर सापडला. आंतुआन जेसां आणि गी द ते या संशोधकांना अशा १७ पैकी १० रुग्णांच्या रक्तात एचटीएलव्ही-१ या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हा विषाणू जेमतेम पाच वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, अमेरिकेत लिम्फोमाच्या (पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाच्या) रुग्णात सापडला होता. १९८६ मध्ये जपानच्या कागोशिमात मित्सुहिरो ओसामे यांनी तेच नाते दाखवले. दोन्हीकडचा आजार एकच निघाला आणि त्याला ‘हॅम/टीएसपी’ हे जोडनाव मिळाले: ‘हॅम’ म्हणजे एचटीएलव्ही-१शी निगडित मज्जारज्जूचा विकार, ‘टीएसपी’ म्हणजे उष्ण प्रदेशात आढळणारा पाय ताठरण्याचा विकार. हा विषाणू रक्तातूनही पसरतो, म्हणून जपानने १९८६ पासून दात्यांचे रक्त तपासायला सुरुवात केली.

कोडे मात्र अर्धेच सुटले होते. हा विषाणू मुख्यतः टी-पेशींत, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, राहतो, आणि बहुतेक बाधितांना आयुष्यभर काहीच होत नाही. मग काहींच्याच मज्जारज्जूत या पेशी शिरतात कशा? तिथल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर तर फार घट्ट विणलेले असते.

पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडतात, हे युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावरील प्रयोगांत बारकाईने टिपले होते. चिकटवणाऱ्या रेणूंची ओळख पटायला मात्र १९८०चे दशक उजाडावे लागले. वाहत्या रक्तातली पेशी आधी मंदावते, भिंतीवर घरंगळते, मग घट्ट धरते आणि फटीतून आत सरकते. ही पकड बसते ती टी-पेशीवरच्या व्हीएलए-४ या रेणूची अस्तरावरच्या व्हीकॅम-१ या रेणूशी आणि तशीच एलएफए-१ची आयकॅम-१शी. हॅम/टीएसपीच्या रुग्णांच्या टी-पेशी अस्तराला नेहमीपेक्षा जास्त चिकटतात, हे नागासाकीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले. कागोशिमातल्या शवविच्छेदनांतही रोगग्रस्त मज्जारज्जूच्या वाहिन्यांवर व्हीकॅम-१ दिसले. आत शिरलेल्या पेशींनी पेटवलेल्या दाहात शेजारचे मज्जातंतू होरपळतात. सर्वाधिक झळ छातीच्या भागातल्या मज्जारज्जूला बसते.

मग ही पकडच का सोडवू नये? १९९२ मध्येच उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांत व्हीएलए-४ रोखून मेंदूचा दाह टळला आणि त्यातूनच नॅटॅलिझुमॅब हे औषध घडले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दाहक आजारासाठी त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. २००५ मध्ये ते मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी शरीरात निपचित पडून राहणाऱ्या जेसी विषाणूने डोके वर काढले. २००६ मध्ये ते कडक अटींवर परतले. दार बंद केले की पहारेकरीही बाहेरच राहतात. मूळ आजारच विषाणूचा असेल, तर मला ही जोखीम फार मोठी वाटते. जपानी संशोधकांनी वेगळी वाट धरली: २०१८ मध्ये त्यांनी मोगामुलिझुमॅबच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्या औषधाचा रोख वाहिनीच्या भिंतीवर नसून, सीसीआर-४ हा रेणू बाळगणाऱ्या बाधित पेशींवरच आहे.