स्मोक डिफ्लेक्टर

वाफेच्या इंजिनाच्या तोंडाशी स्मोकबॉक्सच्या (बॉयलरपुढचा, चिमणीखालचा धुराचा डबा) दोन बाजूंना उभे लावलेले लोखंडी पत्रे. अमेरिकेत ह्यांना 'हत्तीचे कान' म्हणतात, आणि दिसतातही तसेच. समोरची हवा वर वळवून धूर उचलायचा, म्हणजे ड्रायव्हरला सिग्नल दिसतो, एवढंच काम.

गरज पडली साधारण १९२० च्या दशकात. बॉयलर जाडजूड झाले पण बोगदे होते तेवढेच राहिले, मग चिमणी आखूड करावी लागली, त्यात सुधारलेल्या ब्लास्टपाइपमुळे (वापरलेली वाफ चिमणीतून वर सोडणारी नळी) वाफ पूर्वीसारखी उसळेना, आणि गाडी वेगात असली की बॉयलरच्या माथ्यावर हवेचा दाब उतरतो तिथे हा मऊ धूर खाली ओढला जाऊन थेट ड्रायव्हरच्या कॅबवर लोळायचा.

इंग्लंडात ह्याचं श्रेय बरेचदा लेटन बझर्डच्या अपघाताला देतात. २२ मार्च १९३१ ला 'रॉयल स्कॉट' वर्गाचं इंजिन तिथे क्रॉसओव्हरवर (एका रुळावरून शेजारच्या रुळावर जायचा सांधा) जास्त वेगात घसरलं, धुरामुळे सिग्नल दिसला नसावा असा संशय होता. पण तिथल्याच सदर्न रेल्वे कंपनीने असे पत्रे त्याआधीच लावले होते, त्यामुळे अपघाताने फक्त त्या इंजिनाच्या मालक एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) कंपनीला घाई करायला लावली असं म्हणणं जास्त पटतं. ग्रेट वेस्टर्न ह्या तिसऱ्या कंपनीने मात्र ते लावलेच नाहीत.

जर्मनीत आधी वाग्नर ह्या इंजिनिअरचे मोठे पत्रे, फुटप्लेटपासून (बॉयलरच्या बाजूची चालायची फळी) वरपर्यंत. १९४० च्या दशकापासून विट्टे ह्या दुसऱ्या इंजिनिअरचे छोटे, सुपाएवढे वाटणारे, स्मोकबॉक्सला दांड्यांवर टांगलेले. लोखंड वाचवायला की खालचा भाग बिनकामाचा निघाला म्हणून, दोन्ही कारणं सांगतात. 'फ्लाइंग स्कॉट्समन' ह्या प्रसिद्ध इंग्लिश इंजिनाला १९६१ मध्ये हाच जर्मन नमुना लागला. जपानात तर वर्कशॉपगणिक फरक: क्यूशूत कोकुरा वर्कशॉपचे खालून कापलेले 'मोन-देफु' (मोजी हे तिथलं गाव आणि डिफ्लेक्टर मिळून हे नाव), होक्काइदोत पुढचा खालचा कोपरा छाटलेला.

भारतात ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी इंजिनाला बंदुकीच्या गोळीसारखं नाक, मीटरगेजच्या वायपी-वायजी इंजिनांना सहसा पत्रे नव्हतेच. आपल्या गोव्याकडच्या कुळे-कॅसलरॉक घाटात तर त्यांचा उपयोगही नव्हता: साधारण ४० फुटांना १ फूट चढ, मागून बँकर (जादा इंजिन) ढकलतोय, वेग बैलगाडीचा, आणि जोर लावलेल्या इंजिनाचा धूर आपोआपच सरळ वर जातो. बोगद्यात शिरलं की पत्रे असोत-नसोत, तोंडाला ओला फडकाच.